विश्लेषण : मातीत लोह असूनही पीक पांढरे का पडते? युलियस झाक्स यांनी मक्यावर केलेल्या प्रयोगांची गोष्ट

ऊस हिरवागार उभा असतो आणि अचानक शेंड्याची कोवळी पाने फिकट, मग जवळजवळ पांढरी दिसू लागतात. शेतकरी म्हणतात, उसावर केवडा पडला. खालची जुनी पाने मात्र हिरवीच असतात. कृषी सेवा केंद्रातून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणून फवारले की काही दिवसांत नव्या पानांवर हिरवी छटा परतते. दुखणे लोहाच्या कमतरतेचे होते, हे त्यावरून कळते.

पण ही कमतरता आली कुठून? पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ५ टक्के लोह आहे, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणातून बनलेल्या आपल्या जमिनीत तर ते भरपूर आहे. पिकाला मात्र लागते अगदी किंचित. निरोगी पानाच्या एक किलो कोरड्या वजनात साधारण १०० मिलिग्रॅम लोह पुरते. तरीही पीक उपाशी राहते.

या कोड्याची पहिली दोन टोके एकाच माणसाच्या हाती, एकाच वर्षी आणि एकाच वनस्पतीवर काम करताना लागली होती. वर्ष १८६०, वनस्पती मका आणि माणूस जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस झाक्स. इंग्रजी पुस्तकांमुळे आपल्याकडे त्यांचे नाव सॅक्स असेही लिहिले जाते. ती दोन टोके जुळायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली.

ब्रेस्लाऊचा अनाथ मुलगा

झाक्स यांचा जन्म २ ऑक्टोबर १८३२ रोजी ब्रेस्लाऊ शहरात झाला. तेव्हा ते प्रशियात होते, आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव व्रोत्स्वाफ आहे. वडील कोरीवकाम करणारे कारागीर होते आणि घरात पैसा बेताचाच. मुलाला वडिलांकडून मिळालेली खरी शिदोरी म्हणजे चित्रकला. पान, फूल, देठ समोर ठेवून जसेच्या तसे काढण्याची सवय त्याला लहानपणीच लागली. पुढे झाक्स यांच्या पाठ्यपुस्तकातली चित्रे युरोपभर नावाजली गेली, त्याचे मूळ इथे आहे.

१८४८मध्ये वडील गेले. पुढच्याच वर्षी कॉलऱ्याने आई आणि एक भाऊ गेला. सतराव्या वर्षाच्या आत मुलगा पोरका झाला आणि शाळा सुटली.

त्याला आधार दिला यान पुर्किन्ये यांनी. मेंदूतल्या पुर्किन्जे पेशींना ज्यांचे नाव आहे, तेच हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. ते ब्रेस्लाऊला प्राध्यापक होते आणि त्यांच्या मुलांशी झाक्स यांची मैत्री होती. पुर्किन्ये प्रागला गेले आणि १८५१मध्ये त्यांनी या मुलाला चित्रे काढणारा मदतनीस म्हणून बोलावून घेतले. दिवसा पुर्किन्ये यांचे काम आणि उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास, असे करत झाक्स यांनी १८५६मध्ये डॉक्टरेट मिळवली. १८५७पासून ते प्राग विद्यापीठात वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले.

विषयाचे हे नावच तेव्हा नवे होते. वनस्पतिशास्त्र म्हणजे झाडे ओळखणे, वाळवणे, नावे देणे, असा तो काळ. प्राण्यांच्या शरीरावर जसे प्रयोग होतात तसे झाडांवरही करायचे, ही दृष्टी झाक्स यांना पुर्किन्ये यांच्या प्रयोगशाळेत मिळाली असावी, असे मानायला जागा आहे.

बरणीतला मका

१८५९मध्ये ते ड्रेस्डेनजवळच्या थारांट या गावी आले. तिथे वनविद्या आणि शेती शिकवणारी संस्था होती आणि शेतीच्या रसायनशास्त्राचा अभ्यास जोरात होता. झाडाचे पोषण मातीतल्या कुजलेल्या पदार्थांतून नव्हे, तर खनिज क्षारांतून होते, हे युस्टुस फॉन लिबिग यांनी १८४०पासून ठासून सांगितले होते. पण नेमके कोणते क्षार? मातीत सगळेच मिसळलेले असते. तिथे एखादी गोष्ट वगळून पाहणे शक्य नव्हते.

झाक्स यांनी मातीच काढून टाकली. बी रुजवायचे, कोवळे रोप बुचाच्या भोकात अडकवायचे आणि मुळे काचेच्या बरणीतल्या पाण्यात सोडायची. पाण्यात मोजून क्षार घालायचे. एक लिटर पाण्यात पोटॅशियम नायट्रेट १ ग्रॅम, कॅल्शियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम सल्फेट प्रत्येकी अर्धा ग्रॅम, मीठ पाव ग्रॅम आणि लोहाच्या क्षाराचा नुसता अंश. हे मिश्रण आजही झाक्स यांच्या नावाने ओळखले जाते. लाइपझिगजवळ विल्हेल्म क्नोप हेही त्याच सुमारास अशाच प्रयोगांत होते. माती न वापरता भाजीपाला घेण्याचे जे हायड्रोपोनिक्स तंत्र आज पॉलिहाऊसमध्ये दिसते, त्याची वंशावळ या दोघांपर्यंत जाते.

आता यातून लोह वगळायचे. मक्याची पहिली तीन-चार पाने हिरवीच येतात, कारण बियाण्यात थोडी शिदोरी असते. पुढचे पान टोकाला हिरवे आणि बुडाशी पांढरे येते. त्यानंतरची पाने पूर्ण पांढरी. रोप मरत नाही, पण वाढही थांबते. मग पाण्यात लोहाच्या क्षाराचे काही थेंब टाकायचे. एक-दोन दिवसांत पांढऱ्या पानांत हिरवेपणा उमटू लागतो. लोहाचे विरळ द्रावण पांढऱ्या पानावर नुसते फासले, तरी फासलेला भाग तेवढा हिरवा होतो.

लोहाने पिवळी पाने हिरवी होतात, हा शोध मात्र झाक्स यांचा नाही, हे सांगायलाच हवे. फ्रान्समध्ये यूझेब ग्री यांनी १८४३च्या सुमारास पिवळ्या झाडांना लोहाचे क्षार देऊन ते दाखवले होते. पुढे त्यांचे चिरंजीव आर्थर ग्री यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की लोहाविना हरितकणच नीट घडत नाहीत. पण ग्री यांची झाडे मातीत होती आणि शंकेला वाव होता. झाक्स यांच्या बरणीत तो उरला नाही. एक गोष्ट काढली की रोप आजारी, तीच घातली की बरे. आपल्या शिवारात केवडा ओळखण्याची खूणही हीच आहे. लोह एकदा जुन्या पानात बसले की तिथून सहसा हलत नाही, म्हणून उपासमार दिसते ती शेंड्याच्या नव्या पानांवर. नत्र कमी पडले तर उलटे होते, जुनी पाने आधी पिवळी पडतात.

त्या काळी अनेकांना वाटे की हरितद्रव्यातच लोह असते. ते तसे नाही. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिखार्ड विलश्टेटर यांनी दाखवले. लोह लागते ते हरितद्रव्य तयार करणाऱ्या यंत्रणेला आणि प्रकाशातून ऊर्जा पकडणाऱ्या साखळीला.

संगमरवरावरची नक्षी

१८६०मध्येच झाक्स यांनी आणखी एक प्रयोग छापला. घरी करून पाहावा इतका तो साधा आहे. संगमरवराची गुळगुळीत घासलेली फरशी कुंडीच्या तळाशी ठेवायची, वर वाळू घालायची आणि मका पेरायचा. मुळे खाली जातात, फरशीला टेकतात आणि तिच्यावरून आडवी पसरतात. काही दिवसांनी फरशी धुऊन पाहिली तर मुळे जिथून गेली, तिथे दगडावर बारीक चर पडलेले दिसतात. मुळांचा पूर्ण नकाशाच उमटलेला असतो.

संगमरवर म्हणजे चुनखडी. आम्लाने ती विरघळते. म्हणजे मूळ ही नुसती पाणी ओढणारी नळी नव्हे. ते स्वतःच्या स्पर्शाने दगड विरघळवते. यात मुळांच्या श्वसनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा असतो, असे पुढच्या संशोधकांनी दाखवले. तरीही मुद्दा कायम राहिला. झाड आपल्या भोवतीच्या मातीचे रसायन बदलते.

एकीकडे लोहावाचून पांढरा पडलेला मका, दुसरीकडे दगड विरघळवणारी मक्याची मुळे. आज मागे वळून पाहताना वाटते, हे दोन प्रयोग शेजारी ठेवून पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. मातीत घट्ट बसलेले लोह मूळ सोडवून घेते का, आणि कसे? पण त्यासाठी लागणारी हत्यारे त्या काळात कोणाकडेच नव्हती.

अशुद्ध क्षारांचे उपकार

झाक्स यांच्या मिश्रणात आणखी एक गंमत दडली होती. आज आपण सांगतो की झाडाला लोहाखेरीज मँगेनीज, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेलही लागते. झाक्स यांच्या यादीत यांपैकी फक्त क्लोरीन होते, तेही मिठातून आपोआप आलेले. मग त्यांची रोपे वाढली कशी?

उत्तर आहे मळ. त्या काळचे क्षार शुद्ध नसत. त्यांत जस्त, तांबे, मँगेनीज यांचे अंश असत. काचेतूनही काही द्रव्ये पाण्यात उतरत, शिवाय बियाण्याची शिदोरी होतीच. झाडाला हे सगळे मिळत होते, फक्त प्रयोग करणाऱ्याला ते माहीत नव्हते.

रसायने जसजशी शुद्ध होत गेली तसतशी यादी वाढली. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे कॅथरीन वॉरिंग्टन यांनी १९२३मध्ये शेंगवर्गीय पिकावर बोरॉनची गरज दाखवली. जस्त आणि तांबे यांची खात्री त्यानंतरच्या दशकभरात पटली. मॉलिब्डेनम १९३९मध्ये आले. त्याची गरज लोहाच्या साधारण हजाराव्या हिश्श्याइतकी असते. निकेलसाठी १९८७पर्यंत थांबावे लागले, कारण बियाण्यातला साठा संपावा म्हणून जवाच्या पिढ्यांमागून पिढ्या निकेलविना वाढवाव्या लागल्या. या सगळ्यांची पद्धत एकच होती. बरणीतून एक गोष्ट वगळा आणि काय होते ते पाहा.

दरारा आणि हट्ट

१८६१मध्ये झाक्स बॉनजवळच्या पोपेल्सडोर्फच्या कृषी संस्थेत गेले. पानात प्रकाशात पिष्ट तयार होते आणि ते हरितकणांतच तयार होते, हे त्यांनी तिथे दाखवले. शाळेत आपण पान उकळून, त्याचा रंग काढून त्यावर आयोडीन टाकतो आणि ते निळे-काळे झालेले पाहतो. तो प्रयोग झाक्स यांचीच देणगी आहे. १८६७मध्ये फ्रायबुर्ग आणि १८६८मध्ये व्युर्त्सबुर्ग. तिथून मात्र ते हलले नाहीत. मोठमोठ्या विद्यापीठांची बोलावणी त्यांनी नाकारली. १८७७मध्ये नावात मानाचे फॉन आले.

१८६८चे त्यांचे वनस्पतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक एका पिढीने घोकले. व्युर्त्सबुर्गची प्रयोगशाळा म्हणजे तर तीर्थक्षेत्रच झाले. विल्हेल्म फेफर, ह्यूगो द व्ह्रीस, कार्ल गोबेल अशी पुढे मोठी झालेली माणसे तिथे घडली. चार्ल्स डार्विन यांचा मुलगा फ्रान्सिस हाही तिथे शिकायला आला.

इथेच त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजू उघडी पडली. १८८०मध्ये डार्विन बापलेकांनी लिहिले की मुळाचे अगदी टोक गुरुत्वाकर्षण ओळखते आणि वरच्या भागाला वळण्याचा इशारा देते. झाक्स यांना ते मुळीच पटले नाही. टोक कापल्यावर मूळ वळत नाही ते केवळ जखमेमुळे, असे त्यांचे म्हणणे. प्रयोगशाळेबाहेर, घरच्या घरी केलेल्या या प्रयोगांची त्यांनी छापून हेटाळणी केली आणि फ्रान्सिसशी असलेला स्नेहही आटला. पुढच्या संशोधनाने कौल डार्विन यांच्या बाजूने दिला. खोडातून पाणी वर कसे चढते याबद्दलही झाक्स यांचे मत चुकीचे होते. पाणी लाकडाच्या भिंतींतून झिरपत जाते, पोकळीतून नव्हे, असे ते शेवटपर्यंत मानत राहिले. ज्याने इतरांना प्रयोगाची शिस्त शिकवली, त्याने स्वतःच्या मतांना ती दर वेळी लावली नाही, असेच म्हणावे लागते.

उतारवयात प्रकृती ढासळली, पण लोहाचा नाद सुटला नव्हता. व्युर्त्सबुर्ग वसले आहे चुनखडीच्या खडकावर. तिथल्या बागेतली झाडे पिवळी पडत. झाक्स यांनी त्यांच्या बुंध्याभोवती हिराकस देऊन ती हिरवी केली आणि १८८८मध्ये हे अनुभव प्रसिद्ध केले. बरणीतला प्रयोग तीस वर्षांनी अंगणात उतरला होता. २९ मे १८९७ रोजी व्युर्त्सबुर्गमध्येच त्यांचे निधन झाले.

मग मुळे लोह मिळवतात तरी कशी?

व्युर्त्सबुर्गची चुनखडी आणि आपल्याकडची चुनखडीयुक्त भारी जमीन यांचे दुखणे एकच आहे. हवा खेळत्या जमिनीत लोह गंजाच्या रूपात असते. हे गंजलेले लोह पाण्यात विरघळणे जमिनीच्या सामूवर अवलंबून असते. सामू एका अंकाने वाढला की ते सुमारे हजार पटीने कमी विरघळते. आठच्या आसपास सामू असलेल्या चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर, पण कुलूपबंद.

कुलूप उघडण्याच्या दोन तऱ्हा आहेत, असे होर्स्ट मार्श्नर आणि फोल्कर रोमहेल्ड या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८६मध्ये मांडले. भुईमूग, हरभरा, टोमॅटो, संत्रा अशा द्विदल वनस्पती मुळांतून आम्ल सोडतात. त्याने थोडे लोह विरघळते. मग मुळाच्या पृष्ठावरचे एक विकर लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन त्याचे फेरस रूप करते आणि एक खास प्रथिन ते आत घेते. त्या प्रथिनाचे जनुक १९९६मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका रानटी रोपात सापडले. त्याचे नाव आयआरटी-१.

गवतवर्गीय पिकांची रीत वेगळी. जव, गहू, मका, ज्वारी, ऊस यांची मुळे लोहाला चिमट्यासारखी पकडणारी द्रव्ये मातीत सोडतात आणि लोहासकट ती परत आत ओढून घेतात. १९७०च्या दशकात जपानमध्ये ताकागी यांच्या कामातून हे उलगडले. यातल्या एका द्रव्याचे नाव म्युजिनेइक आम्ल. जपानी भाषेत मुगी म्हणजे जव आणि ने म्हणजे मूळ, त्यावरून. जव हे द्रव्य दिवसभर सोडत नाही. सकाळी सूर्योदयानंतरच्या काही तासांतच ते भरभरून सोडते. जंतूंनी ते खाऊन टाकण्याआधी काम उरकण्याची ही युक्ती मानली जाते. जव आणि गहू यात पटाईत आहेत, मका, ज्वारी, भात त्या मानाने कमी.

जास्त झाले तर?

झाड सरसकट लोह ओढत बसत नाही. मोकळे लोह पेशीत विषासारखे वागते. ऑक्सिजनशी गाठ पडली की त्यातून पेशीला जाळणारी द्रव्ये तयार होतात. पाणी तुंबलेल्या आम्ल जमिनीत भाताची पाने तांबूस होतात ती याच कारणाने. म्हणून लोह पुरेसे झाले की आयआरटी-१ बनवणे थांबते आणि असलेलेही मोडले जाते. जादा लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात साठवले जाते.

हे दार फार चोखंदळ नाही, ही त्यातली मेख. आयआरटी-१मधून लोहाबरोबर जस्त, मँगेनीज शिरतात आणि कॅडमियमसारखा घातक धातूही. उपाशी झाड दार सताड उघडते तेव्हा सोबत नको ते पाहुणे येतात.

चुनखडीच्या जमिनीत हिराकस नुसता टाकला तर बराचसा वाया का जातो, हेही आता कळते. लोहाचे काही वेळात पुन्हा गंजात रूपांतर होते. म्हणून शेणखतात मिसळून देणे, पानांवर फवारणे किंवा चिलेटेड लोह वापरणे हे मार्ग. चिलेटमध्येही फरक असतो. ईडीटीए प्रकारचा जास्त सामूच्या जमिनीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतो, पण महाग पडतो. द्विदल पिकांची अडचण याहून मोठी. ती सोडतात ते आम्ल चुनखडी लगेच मारून टाकते. त्यामुळे अशा जमिनीत भुईमूग पिवळा पडतो आणि शेजारचा मका तग धरून राहतो.

उत्तर चीनमधल्या शास्त्रज्ञांनी हेच शेजार मुद्दाम करून पाहिले. चुनखडीच्या जमिनीत नुसता भुईमूग पिवळा पडत होता. मक्यासोबत आंतरपीक म्हणून घेतला तेव्हा त्याची कोवळी पाने हिरवी राहिली. मक्याच्या मुळांनी मातीतून सोडवलेले लोह भुईमुगाची मुळेही आत घेतात, असे त्यांना पुढे आढळले. मक्याच्या ओळीपासून भुईमूग जितका दूर, तितका हा फायदा कमी होत जातो.